सुरी हातात देऊ नये

आमच्या ग्रुपवर रोज इतके फोटो येतात की माझा मोबाइल दर महिन्याला जागा संपली म्हणून रडतो. फोटो मी पुसून टाकते. किस्से मात्र पुसता येत नाहीत. ते साठत जातात आणि चार माणसं चहाला बसली की आपोआप बाहेर येतात. माझा नवरा या मंडळींना 'तुझी चाकूवाली गँग' म्हणतो. गँग वगैरे काही नाही हो! 'मूठ आणि पातं' असं साधं नाव आहे. साठेक माणसं, बहुतेक पुण्या-नाशकाकडची, सगळ्यांना चाकू-सुऱ्यांचं वेड. तलवार, खंजीर असल्या गोष्टींना बंदी. स्वयंपाकघर, बाग आणि खिसा, एवढाच आमचा प्रांत.

बनारसचे आम्ही दोघंच. मी मूळची सांगलीची, लग्न होऊन इथे आले, कॉलेजात बॉटनी शिकवते. कलमं बांधायचा चाकू हातात आला आणि या नादाला लागले. दुसरे विनायक गुरुजी. ब्रह्मा घाटावर पिढ्यान्‌पिढ्या राहणारं घराणं, पौरोहित्य करतात, आणि मराठी बोलता बोलता कधी हिंदीत शिरतील याचा नेम नाही.

*

गुरुजींचा एक ठरलेला प्रश्न आहे. ग्रुपवर कुणी नवा चाकू टाकला की बाकीचे पोलाद कुठलं, वजन किती ते विचारतात. गुरुजी विचारतात, "मूठ कशाची?"

लाकडाची असली तर पुढे चर्चा. हाडाची असली तर गुरुजींचं उत्तर येतं, "छान आहे. फोटोत छान आहे."

म्हणजे घरात नको. या दोन वाक्यांच्या मध्ये गुरुजी एक पूर्ण सोवळं ठेवतात. पुढे पुढे ग्रुपवर ही म्हणच झाली. कुणाच्या मेहुण्याची नवी गाडी असो की कुणाचा टक्कल पडल्यावरचा फोटो असो, खाली कुणीतरी लिहितंच, फोटोत छान आहे.

*

आता दामले. पुण्याचे, कारखान्यातून निवृत्त झालेले, धार लावण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. धार लावायचे दगडच त्यांच्याकडे कपाटभर आहेत. रोज सकाळी एक व्हिडिओ. आज हवेत धरलेला केस कापला, उद्या वर्तमानपत्राचा कागद उभा चिरला. पातं असं चकचकीत की त्यात बघून दाढी करावी.

एकदा कुणीतरी सहज विचारलं, दामले, याने कधी कांदा चिरलात का? दामल्यांनी लगेच उत्तर दिलं, "कांद्याने पात्याला डाग पडतो."

मी दर मे महिन्यात माहेरी जाते, वाटेत पुणं. एका वर्षी दामल्यांच्याच घरी ग्रुपची बैठक जमली. दहा-बारा जण, प्रत्येकाच्या पिशवीत दोन-तीन पाती. दामलेवहिनींनी मोठं कलिंगड आणून मधोमध ठेवलं आणि म्हणाल्या, घ्या कापून. कुणी हलेना. एकाचं पातं परवाच तेल लावून ठेवलेलं, दुसऱ्याचं जपानहून आलेलं, अजून कागदातून न काढलेलं. प्रत्येक जण शेजाऱ्याच्या पिशवीकडे बघतोय. थोडा वेळ वाट बघून वहिनी उठल्या.

"बसा," त्या म्हणाल्या. "विळी आणते."

*

गुरुजी एकदा नागपूरला एका मुंजीसाठी विमानाने निघाले. यजमानाने तिकीट काढलेलं. झोळीत दर्भ, पळी-पंचपात्र आणि त्यांचा शिसवी मुठीचा घडीचा चाकू. विमानतळावर झोळी यंत्रातून गेली आणि परत आलीच नाही.

"पंडितजी, ये क्या है?" तिथल्या माणसाने विचारलं.

"फल काटने का है, भैया."

"फल कहाँ है?"

फळ काही नव्हतं. चाकू तिथेच ठेवावा लागला. ही बातमी गुरुजींनी ग्रुपवर टाकायचा अवकाश, साठही जणांनी भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली. कुणी चाकूचा फोटो हार घालून टाकला. दामल्यांनी विचारलं, दहावं पंचगंगा घाटावर करणार का? गुरुजींनी विमानात बसल्या बसल्या उत्तर दिलं, करतो, पण मुंडण दामल्यांनी करायचं, धार त्यांची चांगली.

या दोघांचं हे रोजचंच होतं. सकाळी दामल्यांचा व्हिडिओ आला की गुरुजी पूजा आटोपून चिमटा काढणार, मग दामले उलट चिमटा काढणार. दोघं एकमेकांना कधी भेटलेले नव्हते. पण एखाद्या सकाळी दामल्यांचा व्हिडिओ आला नाही, तर गुरुजी मला फोन करून विचारत, पुण्यात सगळं ठीक आहे ना?

*

सुरी कुणाच्या हातात देऊ नये, भांडण होतं, हे आपल्याकडे घराघरांत सांगतात. खाली ठेवायची, दुसऱ्याने उचलायची. आमच्या ग्रुपवर तर तो कायदाच आहे. नास्तिकसुद्धा पाळतात.

एकदा मी पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर गुरुजींना माझा नवा कलमाचा चाकू दाखवत होते. मी पायरीवर ठेवला, त्यांनी उचलला, निरखला, पायरीवर ठेवला. मी उचलला, उघडून दाखवला, पुन्हा ठेवला. त्यांनी पुन्हा उचलला. खाली लल्लन नाववाला बसला होता. तो बराच वेळ हे बघत राहिला आणि शेवटी न राहवून त्याने विचारलं, "का गुरु, ई कौन पूजा हौ?"

*

मग तो सुरीचा प्रकार झाला.

गुरुजींच्या घरी त्यांच्या वडिलांची एक सुरी होती. जुनी पोलादी, लाकडी मुठीची. वडील रोज सकाळी तिने नैवेद्याची फळं चिरायचे, लिंबं चिरायचे. जुन्या पोलादाला फळांचा आंबट रस लागत राहिला की त्यावर काळपट निळा थर चढतो. काही जणांना तो दागिन्यासारखा वाटतो, काहींना मळ. या विषयावर ग्रुपवर दर पंधरा दिवसांनी महाभारत होतं आणि मळवाल्यांचे सेनापती दामले. वडील गेले, सुरी बोथटली. मी पुण्याला निघाले तेव्हा गुरुजींनी ती कापडात गुंडाळून माझ्यापुढे ठेवली. दामल्यांना म्हणावं, जरा धार लावून द्या, बस.

दामल्यांनी जीव ओतून काम केलं. चार दिवसांनी ग्रुपवर दोन फोटो आले. पहिल्यात काळी सुरी. दुसऱ्यात पातं आरशासारखं लखलखीत, त्यात दामल्यांचा चष्मासुद्धा दिसत होता. खाली लिहिलं होतं, नवा जन्म!

एरवी टकलावर तीस-तीस प्रतिक्रिया देणारी माणसं गप्प झाली. दुपारी गुरुजींचं उत्तर आलं.

"छान आहे. फोटोत छान आहे."

त्याच्याच खाली ती छोटी करडी ओळ आली, विनायक गुरुजींनी ग्रुप सोडला.

*

बनारसला परत आल्यावर मी त्यांच्याकडे गेले. रागावलेले नव्हते, त्याहून वाईट होतं. दुखावलेले होते. सुरी कधी मागवायची म्हणून विचारलं तर म्हणाले, "राहू दे तिकडेच. त्या काळ्यात बाबांचा हात होता, मंजिरीताई, रोजचा. आता घरात त्यांच्या हातचं काही बचलं नाही."

मी दामल्यांना फोनवर हे जसंच्या तसं सांगितलं. मग त्यांनी एवढंच विचारलं की गुरुजींचे वडील फळं कुठली चिरायचे.

सकाळचे व्हिडिओ बंद झाले. ग्रुप ओका ओका वाटायला लागला. मला या दोघांचा राग यायचा आणि खरं सांगायचं तर त्यांची ती रोजची खेचाखेची नसली की सकाळचा चहा गोड लागेना.

*

पुढच्या आठवड्यात दामलेवहिनींचा फोन आला.

"मंजिरी, तुम्ही यांना काय सांगितलंत?"

मी म्हटलं, का हो, काय झालं?

"सकाळपासून कैऱ्या चिरतायत."

ज्या माणसाने जन्मात कांदा चिरला नव्हता तो त्या सुरीने पाटीभर कैऱ्या चिरत होता. चिरून झाल्या की सुरी तशीच ओली ठेवायची, कुणी पुसायची नाही. कैऱ्या संपल्या तशी लिंबं सुरू झाली, मग कच्ची केळी. घरात लोणचं, मुरंबा, केळ्याचे वेफर्स. शेजारीपाजारी वाटून झाले, सोसायटीचा वॉचमन नको म्हणायला लागला. वहिनींनी अखेर सांगून टाकलं की आता बरणी संपली, हौस संपवा.

मी दामल्यांना म्हटलं, हे काळं म्हणे औषध लावून पाच मिनिटांत आणता येतं. ते म्हणाले, येतं, पण ते रंगवल्यासारखं होईल. मग म्हणाले की बाबांचा हात काही माझ्याने परत यायचा नाही, निदान पातं उघडं तरी दिसू नये.

*

कार्तिकात दामले बनारसला आले. मला फक्त गाडीची वेळ कळवली होती. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात लोणच्याची बरणी, आणि खिशातून पिवळं फडकं बाहेर डोकावत होतं. रोजच्या व्हिडिओत पातं पुसायला असतं तेच. गुरुजी सकाळी कुठे भेटतील, म्हणून विचारलं. मी त्यांना गल्ल्यांतून पंचगंगेवर घेऊन गेले.

पायऱ्या उभ्या आणि दामल्यांचे गुडघे पुण्याचे, सपाटीवरचे. धरत धरत उतरले. गुरुजी स्नान करून ओल्या धोतराने शेवटच्या पायऱ्यांवर बसले होते, शेजारी पूजेची झोळी. त्यांनी आधी मला बघितलं, मग फडकं बघितलं, आणि मग चेहरा.

दामले नमस्कार म्हणाले. गुरुजी या म्हणाले. मग दोघंही गंगेकडे बघत राहिले. एवढ्या लांबून आलेला माणूस तसाच परत गेला, तर हे दोघं कायमचे तुटणार होते.

दामले खाली वाकले, पिशवीतून सुरी काढली आणि कापड उलगडून दोघांच्या मधल्या पायरीवर ठेवली. पातं काळपट झालं होतं, पण सगळीकडे सारखं नाही. कुठे निळं, कुठे करडं, टोकाशी अजून थोडं पांढरं. नावेतून लल्लन मान उंच करून बघायला लागला आणि शेजारच्या नाववाल्याला म्हणाला की बघ, आता पूजा सुरू होणार.

गुरुजी सुरीकडे बघत राहिले. उचलली मात्र नाही.

"जमलं नाही तसं," दामले म्हणाले. "कैऱ्या संपल्या."

गुरुजींनी मान हलवली. मग पुढे हात केला, तळवा वर.

"द्या."

दामले गोंधळले. "हातात?" त्यांनी विचारलं. "भांडण होतं, गुरुजी."

"ते होऊन गेलं," गुरुजी म्हणाले. "द्या हातात."

दामल्यांनी पायरीवरची सुरी उचलली आणि मूठ पुढे करून त्यांच्या हातात दिली. गुरुजींनी झोळीतून एक लिंबू काढलं, पायरीवर ठेवून एका झटक्यात चिरलं आणि अर्धी फोड दामल्यांपुढे धरली. दामल्यांचा हात सवयीने खिशातल्या फडक्याकडे गेला. गुरुजींनी सुरी तशीच, ओली, कापडात गुंडाळून झोळीत टाकली.