जनसुनावणीतलं हसू

माझं काम आवाज मोजायचं. कुठे खदान, कुठे कारखाना व्हायचा असला की मी यंत्रं घेऊन जातो आणि जवळच्या घरांपाशी आवाज किती होतो, जमीन किती थरथरते, ते नोंदवून आणतो. वाशीम जिल्ह्यातल्या एका कचरा डेपोचा विस्तार व्हायचा होता, तेव्हाही असाच गेलो होतो.

डेपोला लागून सोयाबीनचं एक वावर आणि पलीकडे सात-आठ घरं. पहिल्या घरात एक म्हातारे आणि त्यांची सून राहायची. म्हातारे पार बहिरे. कित्येक वर्षं थ्रेशरवर राबले, त्यात कान गेले. सुनेच्या ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून समजेल तेवढंच त्यांना समजायचं.

मी जागा बघायला गेलो त्या दिवशी डेपोत कचरा दाबणारा रोलर चालू होता. म्हाताऱ्यांनी मला हाताला धरून भिंतीशी नेलं आणि माझा तळवा भिंतीवर दाबून धरला. हाताला मुंग्या याव्यात तशी भिंत थरथरत होती.

"मले आयकू येत नाही," ते म्हणाले, "पण बाजीवर पडल्या पडल्या समजते, मशीन सुरू झाली म्हून."

आठवड्याने यंत्रं घेऊन गेलो, तर रोलर बिघडलेला. मी आमच्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "परत खेप कशाला? जे आकडे येतील ते घेऊन ये."

मी ओसरीत यंत्र मांडत होतो, तेव्हा सुनेनं विचारलं, "आज तं रोलर बंद हाये. मंग काय मोजून राह्यले तुमी?"

"यंत्राला सगळं कळतं," मी म्हणालो.

तिनं चहा आणून दिला. मी तो प्यायलो, आकडे उतरवले आणि निघालो. आवाज आणि कंपन मर्यादेत आहे, असा अहवाल गेला.

विस्ताराची जनसुनावणी शाळेच्या पटांगणात, मांडवात झाली. आमच्या साहेबांनी अहवाल वाचून दाखवला. मग सुनेनं खूण केली तसे म्हातारे उठले. "लय तरास हाये," ते मोठ्यानं म्हणाले. "सकाळपासून धडधड चालू राह्यते."

सुनावणी घ्यायला आलेल्या अधिकाऱ्यांनी विचारलं, "बाबा, तुम्हाला ऐकू येतं का?"

म्हाताऱ्यांना प्रश्न कळलाच नाही. ते आपलं बोलतच राहिले. मागून कोणीतरी ओरडलं, "त्याईच्या कानापाशी डफडं वाजवलं तरी आयकू येत नाही, साहेब."

सगळा मांडव हसला. अधिकारी हसले, साहेब हसले. मीही हसलो. कोणाच्या दबावानं नाही. त्या घडीला मला खरंच हसू आलं. म्हातारे कशाबद्दल बोलत होते हे तिथे माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं, तरी हसलो. म्हाताऱ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. सगळे हसताहेत म्हणून तेही थोडेसे हसले आणि खाली बसले. सून माझ्याकडे पाहत होती.

चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही. पाचव्या दिवशी साहेबांना सांगितलं, परत मोजू द्या, नाहीतर रोलर बंद होता हे मीच लेखी कळवतो. ते खूप चिडले, पण मोजणी पुन्हा झाली. रोलर चालू असताना आकडे मर्यादेच्या पार वर गेले. विस्तारात घरांच्या बाजूला व्हायचा होता तो कचऱ्याचा नवा खड्डा डेपोच्या दुसऱ्या अंगाला हलवला. गावात दोघा-तिघांनी मला हात जोडले, तेव्हा मान वर करवली नाही.

मग त्या घरी गेलो. सुनेला म्हणालो, "त्या दिवशी मीही हसलो. बाबांची माफी मागायची आहे."

ती धान्य पाखडायचं सूप खाली ठेवत म्हणाली, "घरी आल्यावर त्याईनं मले इचारलं, लोकं कायले हासले म्हून. मी सांगतलं, तुमचं बोलणं पटलं सगळ्याईले."

तरी बाजेपाशी जाऊन मी हात जोडले. "बाबा, माझं चुकलं."

त्यांनी सुनेकडे पाहिलं. "काय म्हंते हा?"

ती त्यांच्यासमोर वाकली आणि ओठ सावकाश हलवत म्हणाली, "तब्येत इचारून राह्यले तुमची."

"बरी हाये," म्हातारे मला म्हणाले आणि बसायला बाजेवर जागा करून दिली.