कर्णातात्यांची धीरे चल

रेकॉर्ड लावण्याआधी कर्णातात्या साबणाने हात धुवायचे आणि ते हवेत वाळवायचे. पंच्याला पुसायचे नाहीत, धोतराला तर नाहीच. कापडाचे धागे सुईत अडकतात, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे लग्नात अक्षता पडल्या, वाजंत्री थांबली, तरी कर्ण्यातून काही म्हणजे काही यायचं नाही. कारण तात्या मांडवाच्या कोपऱ्यात दोन्ही पंजे पुढे धरून उभे असायचे, समोर नसलेली शेकोटी शेकत असल्यासारखे. वरमाय चिडायची. तात्या शांतपणे म्हणायचे, "आवं, लगीन लागलं की. आता कुठं पळून चाललंय?"

तात्या फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. आमचं गाव कुंडलपासून तीन मैलांवर. गावात फौजेतून येणारा माणूस घोंगड्या आणायचा, कुणी शिलाईचं मशीन आणायचा. तात्यांनी मेसच्या लिलावात घेतलेलं रेकॉर्ड वाजवायचं यंत्र आणलं. सांगलीहून एक कर्णा आणि अॅम्प्लिफायर घेतला, आणि पुढची सगळी वर्षं आसपासच्या लग्नांना आणि यात्रांना त्यांचाच आवाज राहिला. तात्यांचं खरं नाव काय होतं, हे मला त्यांच्या निधनाच्या पत्रातून कळलं.

आवाज त्यांचा, असं म्हणालो, पण तो आवाज शाहिरांचा होता. शाहीर पूर्वेकडच्या माणदेशातले. स्वतः गाणं रचायचे, स्वतः चाल लावायचे, आणि तुणतुणं व डफ एवढ्यावर म्हणायचे. राजाराणीची गाणी नाहीत. पोस्टमनचं गाणं, आटलेल्या विहिरीचं गाणं, पलटणीतून न आलेल्या रजेचं गाणं. त्यांच्या तीन छोट्या तबकड्या निघाल्या होत्या आणि मग बरीच वर्षं काहीच नाही. आमच्या गावात त्या तीन तबकड्या पाठ नसलेला माणूस म्हणजे नुकतंच जन्मलेलं मूल. शाहिरांचा आवाज भरदार, जड, पाणी भरलेल्या मोटेसारखा सावकाश वर येणारा. तात्या म्हणायचे, "ह्यो गळा घाई करत न्हाई. घाई करणाऱ्याचं गाणं ऐकू ने माणसानं."

मग बातमी आली की शाहिरांची नवी तबकडी येणार, आणि तीही मोठी, एका बाजूला सहा गाणी असलेली. बातमी कुणी आणली ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण तात्यांनी त्याच दिवशी जुन्या गणवेशाच्या खाकी कापडाची, मोठ्या तबकडीच्या मापाची पिशवी शिवून घेतली आणि ट्रंकेत सगळ्यांत वर ठेवली. रिकामीच.

त्या वर्षी मी सांगलीला सायन्स कॉलेजात होतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिलाच. वडिलांना मी नक्की काय शिकतो ते सांगता येत नसे, म्हणून ते लोकांना "सांगलीत असतो" एवढंच सांगायचे. पण नव्या तबकडीमुळे माझ्या शिक्षणाचा गावाला पहिल्यांदाच उपयोग झाला. दर शनिवारी मी एस.टी.तून उतरलो की पारावरून प्रश्न यायचा, "आली का?" मी मान हलवायचो. पुढे दुकानापाशी, "आली का?" विहिरीवर, "आली का?" एकदा परगावचा एक पाहुणा हे सगळं ऐकून हळूच म्हणाला, "पोराची बायकू नांदाय येत न्हाई काय?"

तात्या मात्र विचारायचे नाहीत. माझ्या हाताकडे बघायचे, हात रिकामे दिसले की म्हणायचे, "विश्राम."

सांगलीतल्या रेकॉर्डच्या दुकानदाराला माझा चेहरा पाठ झाला होता. एका शनिवारी मी आत शिरताच तो म्हणाला, "नवी नाही अजून. तोवर जुनी ऐका," आणि त्याने तबकडी लावली. पोस्टमनचंच गाणं, पण कुणीतरी बारीक गळ्याचा माणूस ते भराभरा म्हणत होता. मी बराच वेळ ऐकून घेतलं. मग धीर करून म्हणालो, "ही नक्कल आहे." दुकानदाराने तबकडी उतरवून नाव दाखवलं. शाहीरच होते.

मला कुणी लगेच पटवून दिलं असतं तर बरं झालं असतं. पण मी सायन्सचा विद्यार्थी होतो, त्यामुळे स्वतःच पटवून घेतलं. त्याच संध्याकाळी तात्यांच्या घरी त्यांच्या नकळत तबकडीच्या मधल्या कागदावरच्या एका खुणेवर नजर ठेवली आणि मनगटी घड्याळ लावून फेऱ्या मोजल्या. छोट्या तबकडीला मिनिटाला पंचेचाळीस हव्यात. चाळीस भरल्या. पुन्हा मोजल्या. चाळीसच. यंत्राच्या पोटात मोटरची गती तबकडीला देणारी एक रबराची चकती असते. ती झिजून गुळगुळीत झाली होती आणि घसरत होती. मेसमध्ये असल्यापासूनच घसरत असणार. म्हणजे आमच्या गावाने आजवर शाहीर ऐकलेच नव्हते. चकती ऐकली होती.

पुढच्या आठवड्यात मी नवी चकती घेऊन आलो. ती खिशात ठेवली आणि तात्यांना सगळं समजावून सांगितलं. आकडे सगळे बरोबर सांगितले. तात्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजी सांगलीचं मशीन पळतंय."

"नाही तात्या. सगळ्या जगातली मशीनं ही तबकडी पंचेचाळीसनेच फिरवतात."

"सगळं जग पळतंय, व्हय?" तात्या हसले. "पलटणीत दोन चाली असत्यात, प्रोफेसर. एक तेज चल, एक धीरे चल. शहीद झालेल्याला पोचवायचा असला की धीरे चल. त्या चालीत मानूस मोठा दिसतो. पाय बी मोठं दिसत्यात. तुमची सांगली तेज चल करती, करू दे. हे गानं धीरे चलचं हाय."

चकती माझ्या खिशातच राहिली.

यात्रेच्या चार दिवस आधी तबकडी आली. मी ती एस.टी.त मांडीवर धरून आणली आणि शेजारच्या बाईने कोंबड्यांची पाटी जवळ सरकवली तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा एका अनोळखी बाईवर ओरडलो. तात्यांनी माझे हात भरलेले पाहिले आणि ते सावधानमध्ये उभे राहिले.

पण त्या वर्षी अडचण वेगळीच होती. पलूसच्या बबनने नवं कोरं यंत्र आणि दोन कर्णे घेतले होते. यात्रा कमिटीतल्या तरुण मंडळींनी त्यालाही बोलावलं. तात्यांचा कर्णा देवळापाशी, बबनचे कुस्तीच्या मैदानावर, आणि ज्याचा आवाज गावाला पसंत पडेल त्याच्याकडे पुढच्या यात्रा कायमच्या. तात्या कर्ण्याची वायर तपासू लागले. त्यांच्या पत्नीने, आमच्या काकूंनी, मला बाजूला घेऊन सांगितलं, "यात्रा गेली तर ह्यांच्यामागं काय राहिलं रं? पेन्शन माझ्या हातात देत्यात. कर्णा तेवढा त्यांचा हाय."

पहिल्या दिवशी दुपारी दोघांनी एकदमच नवी तबकडी लावली. बबनलाही ती मिळाली होती, हे आम्हाला तेव्हाच कळलं. देवळाकडून आणि मैदानाकडून तेच गाणं निघालं आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत वेगळं झालं. बबनचं गाणं संपलं, पुढचं सुरू झालं, आणि देवळापाशी शाहीर अजून पहिल्याच्या शेवटच्या कडव्यात निवांत बसलेले.

"तात्या, मशीन पेंगतंय तुमचं," बबन येऊन म्हणाला.

"तुज्या मशीनला गाडी गाठायची हाय काय?" तात्या म्हणाले.

गावात दोन तट पडले. म्हातारी मंडळी म्हणाली, बबनने कडवी खाल्ली. तरुण म्हणाले, बबनच्या कर्ण्यावर नाचता तरी येतं. शेवटी सरपंचांनी तोडगा काढला. दुसऱ्या दिवशी गावातर्फे खुद्द शाहिरांचा सत्कार होता. "ज्याचं गानं त्यालाच इचारू," सरपंच म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. तात्यांनीही डोलावली, सगळ्यांच्या आधी. निकाल काय लागणार हे गावात मला एकट्यालाच माहीत होतं. मी पुन्हा चकती काढून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी हात मागे घेतले. म्हणाले, "आत्ताच धुतल्यात."

शाहिरांना स्टँडवरून आणायला शिकलेला माणूस पाठवा असं ठरलं, म्हणून मी गेलो. सकाळच्या गाडीतून एक लहानखुरा म्हातारा उतरला. बारीक आवाजात त्याने मला विचारलं, "देऊळ कुटं आलं?" तेच शाहीर. आम्ही चालू लागलो. मैदानावर कुस्तीचा आखाडा शिंपत होते, बबनचे कर्णे बंद होते. देवळाकडून मात्र पोस्टमनचं गाणं येत होतं. शाहीर थांबले.

"कोन म्हनतंय हे?"

"तुम्हीच," मी म्हणालो.

त्यांनी मी चेष्टा करतोय का ते पाहिलं. मग मी चकतीपासून चाळीस फेऱ्यांपर्यंत सगळं सांगितलं आणि चकती मीच झिजवल्यासारखी माफी मागितली. ते रस्त्याच्या मोरीच्या कट्ट्यावर बसले आणि त्यांनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं.

"गळा माजा एवढा घोगरा न्हाई," ते म्हणाले. "पर चाल हीच. आवं, मी घरात असंच म्हनतो. तितं रेकॉर्डिंगला काचंमागं एक सायेब बसला हुता, हातात घड्याळ घिऊन. म्हनला, शाहीर, गानं मोटं हाय, तबकडी ल्हान हाय, जरा आवरा. मी आवरलं. तिन्ही टायमाला आवरलं. आत्ता तबकडी मोटी केली म्हनून खूश झालो, तर गानी बारा घातली. परत आवरा." त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "आवरलेलं उसवलं कुनी म्हनला?"

"तात्या म्हणून आहेत. पण त्यांना हे माहीत नाही."

व्यासपीठावर हार झाला, नारळ झाला, मग सरपंचांनी प्रश्न मांडला. बबन नवा शर्ट घालून उभा होता. तात्या कर्ण्याच्या खांबाशी, टाचा जुळवून. मला शाहिरांकडे बघवेना.

"बबनरावाच्या मशीनमधी खोट न्हाई," शाहीर म्हणाले. "तबकडी हाय तशी वाजती." तात्यांची हनुवटी किंचित वर गेली, फौजेत शिक्षा ऐकताना जाते तशी. "पर मी घरात बसून सोताशी म्हनतो, ते मला आज ह्या देवळाच्या कर्न्यावर ऐकाय मिळालं. बाहीर कुटंच मिळालं न्हवतं." एवढं बोलून त्यांनी तुणतुणं काढलं आणि पोस्टमनचं गाणं म्हटलं. सावकाश, अगदी तात्यांच्या यंत्राच्या चालीने. आणि त्यांच्या खऱ्या, बारीक आवाजात.

गावाने मन लावून ऐकलं. उठता उठता माझ्यामागे एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला, "प्रवासानं गळा बसलाय बिचाऱ्याचा. तात्याच्या कर्न्यावर कसा येतो."

कमिटीने कमिटीसारखाच निर्णय घेतला. देऊळ तात्यांकडे, मैदान बबनकडे, कायमचं. संध्याकाळी तात्या वायर गुंडाळत होते. मला म्हणाले, "ती चकती दाव बघू." मी दिली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली, अंगठ्याने धार चाचपली आणि परत केली.

"जपून ठेव. मी हाय तवर नको. फुडं तुजं तू बघ."

म्हणजे त्यांना पटलं होतं का, आणि कधीपासून, ते मी विचारलं नाही. पुढच्या शनिवारी एस.टी.तून उतरलो तर ते स्वतः स्टँडवर.

"आली का?"

"कुठली, तात्या?"

"फुडची."

पुढची आलीच नाही. शाहीर दोन वर्षांत गेले आणि त्यांच्या पाठोपाठ तात्या. मी तेव्हा साताऱ्याला एका शाळेत विज्ञान शिकवत होतो. काकूंनी यंत्र आणि ट्रंक एस.टी.च्या टपावरून पाठवून दिली. ट्रंकेत चार तबकड्या होत्या आणि सगळ्यांत वर एक खाकी पिशवी, नवी शिवलेली, रिकामी.

यंत्र लावून पाहिलं तर ते फिरेचना. जुन्या चकतीचं पीठ झालं होतं. मग मी तेव्हापासून कंपासपेटीत ठेवलेली चकती काढून बसवली आणि घड्याळ लावून फेऱ्या मोजल्या. बरोबर पंचेचाळीस. खोलीत तो बारीक गळ्याचा माणूस भराभरा गाऊ लागला, काचेमागच्या घड्याळाकडे बघत.

आता रविवारी सकाळी मी साबणाने हात धुतो आणि हवेत वाळवतो. बायको म्हणते, "गाणं लावताय की शेकत बसलाय?" मी सुई टेकवतो आणि उजव्या हाताचं बोट तबकडीच्या कडेला अगदी हलकं धरतो. फार दाबायचं नसतं. मोजावंही लागत नाही. चाळीस आल्या की बोटाला कळतं.