सायराबानूला वरकुट्याला जायचं होतं

बारामतीच्या इंदापूर रस्त्याला टायरवाल्यांच्या ओळीत अगदी शेवटी इमाम मेस्त्रीचं गॅरेज आहे. पुढं पत्र्याचं शेड, मागं दोन खोल्यांचं घर. जुन्या फटफट्या दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली. लोणी भापकर, वडगाव निंबाळकर, कुठून कुठून लोक आपल्या बापाच्या, आज्याच्या गाड्या टेम्पोत घालून त्याच्याकडं आणतात. त्याची स्वतःची गाडी मात्र सगळ्यांच्या मागं भिंतीला टेकलेली असायची. लग्नानंतर वरकुट्याहून सायराबानूला त्यानं याच गाडीवर बसवून आणलं होतं. गाडी तेव्हाही जुनीच होती.

त्या गाडीला एक खोड होती. इंजिनाच्या डोक्यावर, जिथं व्हॉल्व्ह उघडझाप करतात तिथं एक झाकण असतं. मेस्त्री लोक त्याला हेडकव्हर म्हणतात. त्याच्या कडेनं तेल पाझरायचं. फार नाही, पण तापलेल्या इंजिनावर ओघळून जळायचं आणि तो धूर मागं बसणाऱ्याच्या नाकात जायचा. इमाम पाना घेऊन नट आणखी आवळायचा. थोडे दिवस बरे जायचे, की पुन्हा तेच.

"लोकांच्या गाड्या बऱ्या करता, आपलीच तेवढी रडती," सायराबानू म्हणायची.

"करतो की गं एकदा निवांत," इमाम म्हणायचा. निवांतपणा काही यायचा नाही. तशाच धुरात दोघं सणाला वरकुट्याला जाऊन यायची, आणि घरी आल्यावर ती साडीच्या काठावरचे तेलाचे डाग घासत बसायची.

मग सायराबानूचं पोट दुखायला लागलं. आधी पित्त म्हणून अंगावर काढलं, मग पुण्याला नेलं. गाठ निघाली. औषधं सुरू झाली तशी ती उतरत गेली. केस गेले, अन्न जाईना, आणि वासाचं तर असं झालं, की फोडणीचा वास आला तरी ती तोंडाला पदर लावून बाहेर पळायची. लेक शबीना सासरहून येऊन राहिली. शेवटी डॉक्टरांनी शबीनाला आणि इमामला बाजूला घेऊन सांगितलं, की आता घरी न्या, जे आवडतं ते खाऊ घाला. सायराबानूला कुणी काही सांगितलं नाही. तिनं काही विचारलंही नाही.

वरकुट्याला तिची म्हातारी अम्मा होती. भाऊ मुजम्मिल पेरूची बाग बघायचा, अम्मा त्याच्याजवळ असायची. तिला डोळ्यांनी सावलीइतकंच दिसायचं. त्या दोघांना या दुखण्यातलं काही म्हणजे काही कळू द्यायचं नाही, अशी सायराबानूनं घरात शपथच घातली होती. रोज फोनवर ती अम्माशी बोलायची, आणि बोलताना आवाज असा चढा ठेवायची, की ऐकणाऱ्याला वाटावं ही आत्ताच बाजारातून आली. "कवा येतीस?" अम्मा विचारायची. "येते की. ह्यांची गाडी नीट झाली की येते," हे तिचं ठरलेलं उत्तर.

एके दिवशी दुपारी तिनं इमामला हाक मारली.

"मला अम्माकडं न्या."

"नेतो. शबीनाला सांगतो, जीप बघू."

"जीप नको. जीपमदनं धरून उतरवलं, तर तिला कळंल. आपण कवा जीपनं गेलोय का? फटफटीवरनंच जायचं. पदर घट्ट घेईन. तिला काय बी समजणार न्हाय."

"तुला बसवंल का?"

"बसंन मी. त्या धुराचं तेवढं बघा. त्यो वास मला आता सोसायचा न्हाय."

इमाम शेडमध्ये आला, भिंतीजवळची गाडी ओढून उजेडात घेतली आणि हातातली सगळी कामं बाजूला सारली. हेडकव्हर खोलून त्यानं काचेच्या तुकड्यावर पालथं ठेवलं. ते डुगडुगलं. इतकी वर्षं पाझर दिसला की नट आवळ, पाझर दिसला की नट आवळ असं करून करून त्यानंच ते वाकवलं होतं. दुसऱ्या कुणाच्या गाडीचं असतं, तर कोणत्या गाढवानं हे केलं म्हणून तो ओरडला असता. काचेवर पॉलिश पेपर अंथरून, वर तेलाचे थेंब सोडून तो ते झाकण गोल गोल घासत बसला. घाई करून चालत नाही त्यात. जास्त घासलं तर झाकणच वाया जातं. मागच्या खोलीतून तिचं कण्हणं ऐकू यायचं. तो थांबायचा, ऐकायचा, परत घासायला लागायचा.

कव्हर सपाट झालं. झाकणाखालचं जुनं पॅकिंग बिस्किटासारखं कडक झालं होतं, ते खरवडून काढलं आणि नवं कापून बसवलं. नट बेतानं, आलटून पालटून आवळले. गाडी चालू केली, तर थोड्या वेळानं परत तेलाची रेघ. त्यानं सगळं पुन्हा तपासलं, तेव्हा इंजिनातली कोंडलेली हवा बाहेर सोडणारी नळी सापडली, चिखल आणि तेलानं गच्च बुजलेली. हवेला वाट नाही म्हणून आतला दाब तेल बाहेर ढकलत होता. नळी साफ केली, इंजिन पुसून कोरडं केलं आणि तो घरात जाऊन सायराबानूचा पावडरचा डबा घेऊन आला. पांढऱ्या पावडरीवर थेंबभर तेल आलं तरी लगेच दिसतं.

सायराबानू शबीनाच्या खांद्याला धरून दारात येऊन खुर्चीवर बसली. इमाम इंजिनाच्या डोक्यावर पावडर शिंपडत होता.

"इंजिनाला नटवताय व्हय?" ती म्हणाली. "मला कवा अशी पावडर लावली न्हाय ती!"

शबीना हसली, इमामही हसला. गाडी चालू करून त्यानं बराच वेळ तशीच ठेवली. इंजिन चांगलं तापलं. पावडर तशीच्या तशी पांढरी राहिली. ना रेघ, ना धूर, ना वास.

"झाली बघ," तो म्हणाला.

"उद्या सकाळी जाऊ," ती म्हणाली.

शबीना खूप भांडली. "अब्बा, तुमाला तरी कळाया पायजे!" पण सकाळी तिनंच आईला हिरवी साडी नेसवली, वरून शाल गुंडाळली, मागच्या सीटवर उशी बांधली आणि गाडी हलल्यावर तोंड फिरवून आत गेली.

इमाम गाडी अशी चालवत होता, की मागून उसाच्या ट्रॅक्टरट्रॉल्यासुद्धा त्याला ओलांडून जात होत्या. सायराबानूनं त्याच्या कमरेला धरलं होतं. सणसर गेलं. "वास येतोय का?" त्यानं विचारलं. "न्हाय. लई ग्वाड चाललीय," ती म्हणाली. लासुर्णे जवळ आलं, तसे तिचे हात सैल पडायला लागले. तिचं डोकं त्याच्या पाठीवर टेकलं. त्यानं गाडी कडेला घेतली, तिला उतरवून एका टपरीच्या बाकड्यावर बसवलं. ओठ पांढरे पडले होते. चहावाल्यानं पाणी दिलं, ते तिनं नुसतं तोंडात धरलं आणि बाजूला टाकलं.

"निम्मी वाट आलोय," इमाम म्हणाला. "मुजम्मिलला फोन करतो. अम्माला घिऊन हितंच यील त्यो."

"नको."

"सायरा, आता ऐक माझं."

"आसं बघितल्यावर माझ्याआधी ती मरंल." तिनं इंदापूरच्या दिशेला रस्त्यावर नजर लावली. मग म्हणाली, "वळवा गाडी."

परतताना त्यानं तिला शालीनं स्वतःच्या पाठीशी बांधून घेतलं.

त्यानंतर ती अंथरुणावरून उठली नाही. फोनवर बोलायचीही ताकद राहिली नाही. अम्माचा फोन आला की शबीना सांगायची, अम्मी बाजारात गेलीय, अम्मी झोपलीय. पुढच्या जुम्म्याला सकाळी ती गेली.

मुजम्मिल अम्माला जीपनं घेऊन आला. म्हातारीला लेकीजवळ बसवलं. तिनं चाचपत हात पुढं केला. डोक्यावरून फिरवला, तर केस नव्हते. गाल चाचपले, मनगट धरून बघितलं. त्या हातांना सगळं कळलं, की हे एका दिवसाचं दुखणं नाही. रडणं थांबवून तिनं विचारलं, "इमाम कुठं हाय?"

इमाम समोर जाऊन बसला.

"माझी लेक झिजत हुती, अन् तुमी मला सांगितलं न्हाय," ती म्हणाली. "शेवटचं बोलूबी दिलं न्हाय मला तिच्याशी."

शबीना काहीतरी बोलायला पुढं झाली. इमामनं तिचा हात दाबला. सायराबानूनंच घातलेली शपथ आता तिच्या मयताजवळ बसून आईला सांगायची, हे त्याला जमण्यातलं नव्हतं.

चाळिसावा झाल्यावर तो तिच्या साड्या घेऊन एसटीनं वरकुट्याला गेला. अम्मा ओसरीवर बसली होती. तिनं एकेक साडी हातानं बघितली, हिरवी मांडीवरच ठेवली.

"एकच इचारते," ती म्हणाली. "ती रोज म्हणायची, येते, येते. मग का न्हाय आली?"

इमामला लासुर्ण्याचं बाकडं आठवलं.

"गाडी नीट झाली न्हाय, अम्मा."

"तुमी एवढं मेस्त्री. मुलखाच्या गाड्या नीट करता. अन् माझ्या लेकीसाठनं तेवढी एक झाली न्हाय तुमच्याच्यानं?"

"न्हाय झाली."

आत पाणी आणायला गेलेल्या मुजम्मिलच्या हातातला तांब्या तसाच राहिला. त्याला शबीनाकडून खरं काय ते कळलं होतं. तो बाहेर येऊन बोलणार, तोच इमामनं त्याच्याकडं बघून मान हलवली.

अम्मा तोंड फिरवून भिंतीकडं बघत बसली. इमाम जायला उठला, तसं तिनं आत बघून सुनेला हाक दिली, "जेवल्याबिगर जाऊ दिऊ नको त्यास्नी." ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बसून तो जेवला. सुनेनं वांग्याचं कालवण वाढलं होतं. दोन घास गिळल्यावर त्याला हुंदका आला, आणि अम्माला ऐकू जाऊ नये म्हणून तो घास तोंडात तसाच धरून बसला.