शुक्रवारचा पेपर

मी गाव सोडलं तो रविवार होता, आणि बोरीच्या स्टँडवर एसटी खोळंबली होती ती अण्णांमुळं. अण्णा म्हणजे माझे वडील. ते तेव्हा मुंजाजीच्या सलूनमध्ये बुधवारच्या पेपरापर्यंत आले होते. आमच्याकडं पेपर रोजच्या रोज वाचायची पद्धत नाही. मुंजाजी आठवडाभराचे पेपर आरशामागं जमवून ठेवतो आणि रविवारी अण्णा ते सोमवारपासून ओळीनं, मोठ्यानं वाचतात. निम्मं गाव दाढीच्या निमित्तानं येतं. ज्यांना अजून दाढी फुटली नाही तेही येतात. मला निरोप द्यायला अण्णा उठले, पण वाचन काही थांबवलं नाही. हातात पेपर, मागं सगळी बैठक, त्यातल्या एकाच्या अर्ध्या गालाला साबण. कंडक्टरनं घंटी मारून पाहिली, मग तोही खाली उतरून ऐकत उभा राहिला. खोटं वाटेल, पण गुरुवार संपेपर्यंत बस हलली नाही.

खिडकीशी येऊन अण्णा म्हणाले, "पुण्यात रोजचा पेपर रोज वाचू नको बाबा. सोमवारी काय बोलले ते शनिवारी ध्यानात ऱ्हात न्हाई. सगळा आठवडा एकदम वाच, मंग कळतंय कोण काय कुटाने करायलंय."

पुण्यात आठवडा साठवायला जागा कुठली? इथं बातमी खिशात थरथरते. शिफ्टच्या मधल्या सुट्टीत सरकार पडतं, चहा संपायच्या आत नवं उभं राहतं. तुम्ही जे चाकणला, वाळूजला, हैदराबादला गेलात, त्यांना सांगायला नको. आणि तुम्ही जे बोरीत राहिलात, तुम्हाला तर माझा आवाज पाठच आहे. अण्णांची नजर अधू झाल्यापासून दर रविवारी मीच फोनवरून वाचतो. इकडं फ्लॅटच्या गॅलरीत मी पेपरांचा गठ्ठा घेऊन बसतो, तिकडं मुंजाजी फोन आरशाला टेकवून ठेवतो. समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंना वाटतं मी कुठली तरी पोथी वाचायलोय. एकदा त्यांनी प्रसादही पाठवला.

आता माझ्या धाकट्या भावाचं सांगतो. ज्ञानू माझ्यामागून चाकणला आला, माझ्याच कंपनीत परमनंट व्हायच्या बेताला आला. तेवढ्यात आमच्या गावाजवळच्या माळावर कारखाना येणार अशी बातमी आली. ज्ञानूनं ती मोबाईलवर पहाटे वाचली आणि दुपारी राजीनामा दिला. आठवडा जमू दिला नाही. "दादा, आता गावाकडंच कंपनी यायलीय, मी कशाला हितं मरू?" म्हणाला, आणि सविताला, म्हणजे त्याच्या बायकोला, घेऊन परत गेला. माळासमोर रोडला पत्रे ठोकून दोघांनी खानावळ उघडली. कामगार आले की जेवायला कुठं जातील, हा त्याचा हिशोब होता. हिशोबात चूक नव्हती. फक्त कामगार आले नाहीत.

भूमिपूजनं मात्र आली. पहिलं एका पक्षानं केलं, दुसरं त्याच पुढाऱ्यानं पक्ष बदलून केलं, तिसरं त्याच्या विरोधकानं केलं, कारण आधीची दोन्ही म्हणे अशुद्ध होती. त्या माळावर इतके नारळ फुटलेत की कोकणातला माणूस आला तर त्याला आपल्याच वाडीत आल्यासारखं वाटेल. दर वेळी ज्ञानूनं दोनशे ताटं वाढली आणि दर वेळी पुढारी ढेकर देऊन म्हणाला, "पोरा, तुझी खानावळ आता दुमजली होणार." कुदळीचे तेवढे घाव एका जागी बसले असते तर तिथं बारमाही विहीर लागली असती. निदान तिला पाणी तरी असतं.

गेल्या आठवड्यातले पेपर मी नेहमीसारखे ओळीनं लावले. सोमवारी पुढारी म्हणाला, यंत्रं निघाली आहेत. मंगळवारी त्या कंपनीचा शेअर उसळला. बुधवारी पुढारी पुन्हा पक्ष बदलून मोकळा, विकासासाठी. गुरुवारी तज्ज्ञांचा लेख: मराठवाड्यातल्या तरुणांनी स्थलांतराची मानसिकता सोडली पाहिजे. आणि शुक्रवारी आतल्या पानावर, काडेपेटीएवढ्या चौकटीत, कंपनीचा खुलासा: प्रकल्प दुसऱ्या राज्यात हलवला आहे. त्या बातमीनं शेअर आणखी वर गेला. कारखाना येतो म्हटलं तरी त्यांचा फायदा, येत नाही म्हटलं तरी त्यांचाच. शनिवारी त्याच पुढाऱ्याचं पानभर भाषण: आपल्या भागाला कारखान्यापेक्षा पर्यटनाची गरज आहे. अहो, काय बघायला येतील लोक? फुटलेल्या नारळांच्या करवंट्या?

माझं डोकं असं तापलं होतं की गॅलरीत वाळत टाकलेले कपडे तेवढ्या उष्णतेनं वाळले. तरी रविवारी फोन लावायची वेळ आली तेव्हा आधी ज्ञानू आठवला. सलूनमध्ये ज्ञानूही असतो. खानावळीला सुट्टी देऊन येतो. गठ्ठ्यातून शुक्रवार काढला आणि उशाखाली सारला. ठरवलं, ज्ञानूला नंतर एकट्याला सांगू.

गुरुवार झाला आणि मी शनिवार सुरू केला. अण्णांनी अडवलं.

"शुक्रवार कुठंय रे?"

"आला न्हाई अण्णा, सुट्टी होती."

"पेपरवाल्याला कशाची सुट्टी? हितं मुंजाजीकडं आलाय की. त्याच्या हातात हाय. तू वाच, न्हाई तर तो अक्षर लावत बसंल."

मी वाचला. कंपनीचा खुलासा शब्दाशब्दानं वाचला. तिकडं कात्रीचा आवाजही बंद झाला. मग मुंजाजी म्हणाला, "ज्ञानूभाऊ, बस थोडं. दाढी करून देतो, फुकट." ज्ञानू हसल्यासारखं काहीतरी म्हणाला आणि फोन हातात घेऊन बाहेर आला.

"दादा, उद्या पर्यटनवाले यायलेत. माळावर नारळ फोडायला. दोनशे ताटांची ऑर्डर माझ्याकडंच हाय."

"मग?"

"न्हाई म्हणून सांगतो आता. सविता सकाळीच म्हणली, त्यांना माझ्या हातची भाकर पुन्हा न्हाई." मग म्हणाला, "तुझ्याकडं कंपनीत कुणाला विचारशील का? परमनंट नसलं तरी चालंल."

मी विचारलं. जागा मिळाली, सहा महिन्यांच्या ठेक्यावर. तो सोडून गेला होता त्याच लाईनवर, त्याच्या हाताखाली शिकलेल्या पोराच्या हाताखाली. त्या दोघांसाठी माझी पुढची खोली रिकामी केली आहे. पुढाऱ्यांनो, तज्ज्ञांनो, ही घ्या तुमची स्थलांतराची मानसिकता. खानावळीचे पत्रे विकून एसटीच्या पाठीमागच्या सीटवर बसलीय.

इतकी वर्षं इथं कोणी विचारलं, तुमचं घर कुठं, तर मी बोरी म्हणायचो आणि जीभ किंचित अडखळायची. ज्ञानू परत गेला त्या दिवसापासून ती अडखळायची थांबली होती. आपल्या पिढीचा माणूस तिथं कमवून खातोय, रात्री तिथं झोपतोय, एवढ्यावर माझं घर उभं होतं. उद्या तो इथं येईल, मी त्याला स्टँडवर घ्यायला जाईन, आणि वाटेत कोणी तोच प्रश्न विचारला तर आम्ही दोघं भाऊ एकमेकांकडं बघू.