दुकानातला डोळा

लक्ष्मीबाईंचा उजवा डोळा दिवाळीनंतर नवा झाला. मोतीबिंदू काढला, आत भिंग बसवलं, थेंब टाकून टाकून बाटल्या रिकाम्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, आजी, आता खुशाल सुईत दोरा ओवा. पण बाईंचा त्या डोळ्यावर भरोसा बसेना. डावा तो त्यांचा ‘घरचा’ आणि उजवा ‘दुकानातला’. काही बारीक बघायचं झालं की उजव्यावर तळहात धरायच्या आणि घरच्या डोळ्यानं चाचपत बसायच्या. आता तो घरचाही धुरकटत चाललेला.

“माय, ज्याचं ऑपरेशन झालं तोच झाकतीस व्हय?” ऋतुराज वैतागायचा.

“इकत आणलेली वस्तू लगेच कुणी वापरायला काढतं का?” बाई म्हणायच्या. माहेरची साडी त्यांनी अशीच ट्रंकेत ठेवून ठेवून विरवली होती.

थट्टा थट्टेच्या जागी, पण ऋतुराजला एक गोष्ट सलत होती. दर साल ज्वारी दाण्यात आली की लक्ष्मीबाई पिशोरला थोरल्या बहिणीकडं जायच्या. दगडाबाई तिचं नाव. जायच्या एकट्या, एसटीनं, खिडकीची जागा भांडून मिळवून. यंदा दगडाबाईचा फोन आला की बाई म्हणायच्या, “बसची पाटी दिसत नाय गं मला.” ऋतुराज म्हणाला, मी मोटारसायकलवर पोचवतो. तर म्हणाल्या, “पोचवायला मी काय पार्सल हाये?” आयुष्यभर सगळ्यांच्या पुढं चालणारी ही बाई, हल्ली हडको वसाहतीतल्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही सुनेचा हात धरून जायला लागली होती. हे असंच राहिलं तर माय खोलीत बसून म्हातारी होणार, ही भीती त्याला वाळूजच्या कारखान्यात मशीनवर उभं असतानाही सोडत नव्हती.

आणि ही कोण बाई, तर पिशोरच्या शिवारात परकर नेसायच्या वयात राखणीच्या माळ्यावर चढून गोफण फिरवणारी. तिच्या गोफणीची ख्याती होती. वडलांनी एकच गोष्ट बजावलेली: पाखरू उठवायचं, मारायचं नाय, दाणा आपला तसा त्याचाबी. मग ही पोरगी धोंडा असा सोडायची की राघूच्या पंखाला वारा लागावा, पण पीस हलू नये. दगडाबाई अजून सांगते, “लक्षीनं एक पाखरू दुखावलं नाय अन् एक कणीस जाऊ दिलं नाय.”

त्या रविवारी सकाळी ऋतुराज गच्चीवर दोन खोकी उघडून बसला होता. त्याला एअरसॉफ्टचा नाद. खेळण्यातली बंदूक, आत प्लॅस्टिकचे पांढरे छर्रे, आणि सुट्टीच्या दिवशी कंपनीतल्या दोस्तांसोबत फुलंब्रीकडं एका भाड्यानं घेतलेल्या रानात पळापळ. बंदुकीवर तो रेड डॉट साइट लावायचा, म्हणजे नेम धरायची काच. दिसायला दुर्बिणीची धाकटी बहीण, पण ती लांबचं जवळ आणत नाही; काचेत एक लाल ठिपका उमटतो, आणि ठिपका जिथं तिथं छर्रा. जुन्याची काच मागच्या डावात समोरून छर्रा लागून तडकली. म्हणून आता दोन मागवले होते. एक नळीसारखा, एक उघड्या खिडकीसारखा. एक ठेवायचा, एक परत करायचा.

“दोन्हीबी खराब निघाले,” तो चिडून म्हणाला. “ठिपका कसला, चांदणी दिसती. चारी अंगांनी पसरलेली.”

“उजेड कमी करून बघा की,” त्याची बायको तनुजा कपडे वाळत घालता घालता म्हणाली. त्यानं केला. चांदणी लहान झाली, पण चांदणीच राहिली.

लक्ष्मीबाई पापड उन्हात घालत होत्या. “बघू रं,” म्हणाल्या आणि सवयीनं उजव्यावर हात नेला.

“नाय नाय! यात दोन्ही डोळे उघडे ठेवायचे. अन् ठिपक्याकडं बघायचंच नाय माय, पलीकडं बघायचं. ती बघ, टाकी. ठिपका आपोआप येतो.”

बाईंनी खिडकीवाला उजव्या डोळ्यासमोर धरला. टाकीकडं रोखून पाहिलं.

“गोल हाये की. गुंजीवानी.”

“गोल?”

“गोल अन् लालबुंद.” मग नळीवाला पाहिला. “ह्योबी गोलच. पण नळीत कोंडल्यावानी होतं. खिडकीतनं सगळं रान दिसंल.”

तनुजा हातातला पिळा तसाच धरून हसायला लागली. “अहो, साइट कशाला परत करता? तुमचाच नंबर काढून घ्या!”

बाईही हसल्या, पण लगेच त्यांनी उजवा डोळा झाकला, डावा झाकला, पुन्हा उजवा. मनातून हललेल्या दिसल्या. ऋतुराजनं खिडकीवाला ठेवला, पुन्हा तडकू नये म्हणून काचेपुढं पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा बसवला आणि म्हणाला, “चल माय रानात. निवडलास तू, नेम लावायलाबी तूच पायजेस.”

रानात मक्याची धसकटं उभी होती. दोस्त यायला अवकाश होता. ऋतुराजनं बांधावर तेलाचा डबा ठेवला, मागं टीव्हीचं खोकं उभं केलं. पोत्यावर बंदूक टेकवून, साइटच्या अंगावरचे स्क्रू जरा जरा फिरवत त्यानं ठिपका आणि छर्रा एका जागी आणला. चांदणीच्या मधोमध नेम धरून मारलं. डबा टण्णकन वाजला. मग मायच्या डोळ्यांना मोठा गॉगल चढवला.

“लुगड्यावर गॉगल! आत्याबाई, फोटो काढते,” तनुजा म्हणाली.

“काढ अन् दगडीला धाड. जळंल.”

बाईंनी बंदूक खांद्याला लावली, दोन्ही डोळे उघडे ठेवले. छर्रा सुटला. डबा गप्प. पुन्हा सोडला. गप्प. किती वेळा सोडला तरी डबा मुक्याचा मुकाच. ऋतुराजनं बंदूक घेऊन स्वतः मारलं, टण्ण. पुन्हा मायच्या हाती दिली; गप्प.

बाईंनी बंदूक अलगद पोत्यावर ठेवली. गॉगल काढला.

“ऱ्हाऊ दे बापू. दुकानातला तो दुकानातलाच.”

तनुजाचं हसू विरलं. आपण हे काय करून बसलो, असं ऋतुराजला झालं. बरी करायला आणली आणि उरलीसुरली हिंमतही काढून घेतली. मायकडं बघवेना म्हणून तो डबा उचलायला बांधाकडं गेला, आणि तिथंच थबकला.

डब्याच्या उजवीकडं, वीतभर अंतरावर, खोक्यावर छर्र्यांच्या खुणा होत्या. सगळ्या एकाच जागी. बाजरीच्या भाकरीला चिमूटभर तीळ एकाच ठिकाणी थापावेत, तशा. ज्याला दिसत नाही त्याचे छर्रे रानभर उधळले असते.

“माय,” तो तिथूनच ओरडला, “ठिपका कुठं धरत होतीस?”

“तिथंच की. डब्याच्या शेजारी.”

“शेजारी कामून?”

बाईंना प्रश्नच कळेना. “मंग काय अंगावर मारायचं? उठवायचंच असतं ना?”

ऋतुराज खोक्याजवळ उकिडवा बसला. तो हसतोय की रडतोय ते तनुजाला लांबून कळेना. त्यानं खोकं उचललं, आणून मायच्या पुढ्यात धरलं, तिचं बोट त्या खुणांवरून फिरवलं.

“हा तुझा दुकानातला डोळा. जिथं सांगितलंस तिथं मारलं यानं. एक इकडं नाय, एक तिकडं नाय.”

बाईंचं बोट त्या भोकांवर बराच वेळ फिरत राहिलं.

“आत्याबाई, डब्याला मारलं तर पाप नाय लागत,” तनुजा हळूच म्हणाली. “त्याला पंख नाहीत.”

खोकं पुन्हा जागेवर गेलं. बाईंनी गॉगल चढवला. या खेपेला घरचा डोळा त्यांनी आपणहून गच्च मिटला. ऋतुराज टोकायला गेला, तनुजानं त्याचं मनगट धरलं. टण्ण! रानातला एक पारवा उडाला, बाईंनी आधी त्याच्याकडं पाहिलं, तो धड गेला याची खातरी केली, आणि मग हसल्या.

संध्याकाळी बाईंचं दगडाबाईशी फोनवर मोठ्यानं बोलणं चाललं होतं. “व्हय, उद्या. नाय गं, कुणी नाय सोबत. एकलीच. हुरडा भाजायला आगटी करून ठेव.”

दुसऱ्या दिवशी स्टँडच्या दारातच त्यांनी ऋतुराजला थांबवलं. “हितून पुढं यायचं नाय.” तो थांबला. बाई गाड्यांच्या रांगेपुढून चालत गेल्या, एकेका पाटीपुढं उभ्या राहून, दोन्ही डोळे उघडे ठेवून. एका गाडीवरून पुढं गेल्या, दुसरीपुढं थांबल्या. ऋतुराजनं डोळे बारीक केले. त्याला लांबून पाटी नीट वाचता येईना. बाई पायरीवर चढल्या आणि वळून ओरडल्या,

“पिशोरचीच हाये! तू जा आता, तुझा नंबर काढून घे आधी!”