ठोकळ्यांवर राहिलेली जीप

रशीदभाई गेल्याचं त्यांच्या मुलीनं, नसीमनं, सकाळी फोन करून सांगितलं, तेव्हा मी मूर्खासारखं विचारलं, "जीप अंगावर पडली का?" आदल्या रविवारी मी मळवलीहून लोणावळ्याला परत निघालो तेव्हा ते तिच्याखालीच होते, नुसते पाय बाहेर. निरोपही मी त्या पायांचाच घेतला होता. "नाही सर," नसीम रडत म्हणाली, "झोपेतच गेले. जीपनं काही नाही केलं. ती तर जागची हलत पण नाही..."

त्याला आता तीन महिने होत आले. रशीदभाई देहूरोडच्या लष्करी वर्कशॉपमध्ये फिटर होते. ही जुनी फोर-व्हील जीप त्यांनी लिलावात घेतली. वयानं ती नसीमपेक्षा मोठी आणि त्यांच्या मते तिच्यापेक्षा ऐकण्यातलीही. मी कॉलेजात इतिहास शिकवायचो. आमची ओळख झाली ती माझी गाडी भाजे गावाच्या वर चिखलात रुतली तेव्हा. त्यांनी जीपला दोर बांधून ती ओढून काढली आणि एवढंच म्हणाले, "सर, लेणी बघायला हितं माणसं पायी जात्यात." त्यानंतरचे माझे बहुतेक रविवार त्यांच्या अंगणात गेले. मी मॅन्युअल वाचून दाखवायचो, ते अदबीनं ऐकून घ्यायचे आणि मग स्वतःच्या मनासारखं करायचे. "पुस्तकातला बोल्ट कधी गंजत न्हाई, सर." मी चिडायचो. बोल्ट मात्र निघायचा.

शोकसभेत एका पुढाऱ्यानं त्यांना 'कर्मयोगी' म्हटलं आणि नाव दोनदा चुकवलं. रशीदभाई तिथे असते तर हळूच उठून बाहेर कुणाच्या तरी स्कूटरचा ब्रेक आवळत बसले असते. तिथेच एक रिसॉर्टवाले भेटले. त्यांना ती जीप फाटकाशी उभी करायची होती. बॉनेटमध्ये झेंडू लावून, खाली 'वारसा' अशी पाटी. नसीमनं तोंडावर नकार दिला नाही. तिची अडचण खरी होती. चार म्हशींचा गोठा वरच्या पठारावर, वाट नुसती धोंड्यांची, आणि दूध खाली यायचं ते जीपनंच. आता ती एक कॅन डोक्यावर घेऊन उतरायची. उरलेल्या दुधाचं काय करायचं हे म्हशींना कोण विचारणार? लोणावळ्याच्या मेकॅनिकनं जीपकडे पाहून हात जोडले. "पंधरा दिवस बघते, सर," नसीम म्हणाली. "उभी राहिली तर राहिली. नाहीतर म्हशी विकते आणि हिला देते त्यांच्या फाटकाला."

जीपचे मागचे पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्यांची ती कमान जिच्यावर गाडी तोलते, रशीदभाईंनी लोहाराकडून नव्यानं वाकवून आणले होते. जीप अजून लाकडी ठोकळ्यांवर, चाकं अधांतरी; डावीकडचा बसवून झाला होता, उजवीकडचा भिंतीला टेकून उभा होता. डावीकडचे नट त्यांनी नुसते हातानं फिरवून ठेवले होते. "आवळायचं राहून गेलं त्यांचं," मी म्हणालो आणि माझे डोळे भरून आले. नंतर कळलं, भरून येण्याचं काही कारण नव्हतं.

दोन रविवार आम्ही झटलो. नसीम खालून पाना मारायची, मी वरून वाचायचो. पाट्याच्या टोकांना बसणारे नवे रबरी बुश साबणाच्या पाण्यानं सरकवले. मग दोन्हीकडचे सगळे नट जीव खाऊन आवळले आणि ठोकळे काढले. जीप खाली आली... पण पुरती आलीच नाही. चिडलेल्या मांजरासारखी मागून पाठ उंचावून राहिली. नसीमनं अंगणात एक फेरी मारली, तर दात वाजले. ती उतरून पायरीवर बसली. पंधरावा दिवस होता. "देऊन टाकते, सर. फुलं तरी येतील तिच्यात."

शकीलाभाभी, रशीदभाईंच्या पत्नी, नवरा गेल्यावर पाळायच्या इद्दतीमुळे अंगणाबाहेर पडत नव्हत्या. त्या दारातून बघत होत्या.

"मला न बसवताच आवळलं व्हय?"

"म्हणजे?" मी विचारलं.

"दर वेळी मला हाक मारायचे. मी आपली सीटवर बसायची. मागं तांदळाची दोन पोती. मग खाली शिरून आवळायचे. कारण कधी सांगितलं न्हाई. मला वाटायचं, लाड करत्यात."

नसीमला हसू फुटलं. "अम्मी, वजन म्हणून बसवायचे तुला!"

"आसंल. पर दुसऱ्या कुणाला न्हाई बसवलं."

मी मॅन्युअल उघडलं. होतं, तळटीपेत होतं. चाकं जमिनीवर टेकवून, नेहमीचा भार चढवून मगच शेवटचं आवळावं. अधांतरी आवळलं तर रबर तिथेच आखडतं, गाडीला खाली बसू देत नाही आणि थोड्या दिवसांत फाटतं. आयुष्यभर पोरांना तळटीपा वाचायला लावणाऱ्या माणसानं हीच नेमकी गाळली होती. डावीकडचे नट रशीदभाईंचे राहून गेले नव्हते. ते वजनाची वाट बघत होते.

आम्ही सगळं सैल केलं. पोती चढवली. भाभी पदर सावरून सीटवर चढल्या, आणि जीप कुरकुरत चार बोटं खाली बसली. मग नसीमनं खाली शिरून सगळे नट आवळले. दुसऱ्या दिवशी ती पठारावर गेली आणि भरलेले कॅन घेऊन उतरली. रिसॉर्टवाल्यांना नसीमनं कळवलं की वारसा कामावर गेला आहे.

नव्यानं बसवलेले पाटे थोडे चालले की नट पुन्हा एकदा तपासावे लागतात. परवाच्या रविवारी त्यासाठी गेलो, तर पोती आधीच चढलेली, आणि भाभी सीटवर सूप मांडीवर घेऊन तांदूळ निवडत बसलेल्या. नसीम हात पुसत जीपखालून बाहेर आली.

"झालं, अम्मी. उतर आता."

भाभींनी सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला.

"तुझे अब्बा दोनदा बघायचे," त्या म्हणाल्या. "पुन्हा बघ."

नसीमनं माझ्याकडे पाहिलं, पाना उचलला आणि पुन्हा खाली शिरली.