नवरंगाचं रेकॉर्डिंग

वेस्ट मांबलमच्या आमच्या फ्लॅटला मागे एक अरुंद गॅलरी आहे. वॉशिंग मशीन, दोन बादल्या आणि मी, एवढंच तिथे मावतं. समोर शेजाऱ्यांचा शेवगा आणि एक बदामाचं झाड. माझं पक्षिनिरीक्षण का काय म्हणतात ते एवढ्याच जागेत चालतं.

सासूबाईंना अर्धांगवायू झाला आणि आम्ही त्यांना साताऱ्याहून इथे, तमिळ मुलखात, आणलं. बाई ठेवून पाहिली. तिला मराठी येईना, यांना तमिळ. दोघी एकमेकींवर ओरडून दमल्या आणि शेवटी बाईच निघून गेली. नवरा इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात. पहाटे कंपनीची बस, परत येईतो अंधार. म्हणजे उरले मी. नोकरी सोडताना "थोडे दिवस" असं आम्ही दोघंही म्हणालो होतो.

पक्ष्यांचा ग्रुप मला फोनवरच सापडला. त्यातल्या बहुतेकांना मी कधी पाहिलेलं नाही. फोटो टाकला की तिथे कुणी सरळ नाव सांगत नाही. आधी चोच कशी होती, शेपूट हलवत होता का, असं विचारून भंडावून सोडतात. मला ते फार आवडतं. औषधं आणि डायपरखेरीज मला दिवसभरात कुणी काही विचारतं ते तेवढंच. रविवारी ही मंडळी शहराबाहेरच्या कोवलमच्या खाडीवर जातात आणि सकाळी माझ्या फोनवर रोहित पक्षी उतरू लागतात. मला एकदा, फक्त एकदा, तिथे जायचं होतं. पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. कधी नवऱ्याची जादा पाळी, कधी त्याची पाठ. "तुला आईची सवय आहे, मला ते जमत नाही," असं तो म्हणतो. सवय काय आकाशातून पडते?

यंदा ऑक्टोबरात एका संध्याकाळी बदामावरून दोन सुरांची शीळ आली. पक्षी काही दिसेना. मी हात पुसून फोन उचलला. आवाज टिपताना ग्रुपचा नियम कडक आहे: हात स्थिर, तोंड बंद. मी श्वाससुद्धा जपून घेतला आणि क्लिप पाठवून दिली.

उत्तरं धडाधड आली. नवरंग! थंडीसाठी उत्तरेकडून उडत आलेला. इकडे त्याला 'आरुमणि कुरुवी' म्हणतात, सहाच्या ठोक्याला ओरडतो म्हणून. शहराच्या मधोमध, माझ्या बादल्यांसमोर नवरंग! मला काय करू नि काय नको असं झालं.

मग ग्रुपमधल्या एका आजोबांचा मला एकटीला मेसेज आला. तंजावरकडचे मराठी, प्रत्येक क्लिप हेडफोन लावून ऐकणारे. "नवरंग उत्तम. पण मागें कोण की सारखं हाक मारतात. तुम्ही दर वेळीं 'आले, आले' म्हणता. सगळं बरं आहे ना, अम्मा?"

मी? मी तर तोंड मिटून उभी होते. क्लिप परत लावली. शीळ, हाक, "आले आई". शीळ, हाक, "आले". आवाज माझाच, आणि मी तो काढल्याचं मला काही केल्या आठवेना. बादली पालथी घालून मी तिथेच बसले आणि रडले. सासूबाईंचा राग नव्हता. पडल्या पडल्या हाक मारण्यावाचून त्या बिचाऱ्या काय करणार? पण त्या गॅलरीतसुद्धा मी माझी नव्हते, आणि मला वाटत होतं की तिथे तरी आहे.

रविवारी सकाळी नवरा चहा घेत बसला होता. भांडायचं नाही असं मी ठरवलं होतं. भांडणात मी हरते. पुढच्या रविवारी मला कोवलमला जायचंय, सकाळपुरतं तू आईंजवळ थांब, एवढं सांगितलं. त्याचा हात पाठीकडे गेला. मग म्हटलं, "आधी हे ऐक," आणि हेडफोन त्याच्या कानांवर चढवले. त्याने खरंच मन लावून ऐकलं, डोळे मिटून, शेवटपर्यंत. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले.

"काय सुंदर आवाज आहे गं," तो म्हणाला. "कुठला पक्षी?"

"नवरंग," मी म्हटलं.

तेवढ्यात आतून हाक आली. खोलीचं दार त्याच्या खुर्चीला लागूनच आहे. त्याने हेडफोन काढून माझ्या हातात ठेवले आणि म्हणाला, "अगं, आई बोलावतेय तुला."